कायद्याचा हात आणि न्यायाधीशाचे मन

एका स्त्रीने आगगाडीचे पहिल्या वर्गाचे तिकीट काढले. पैसे पुरे मोजले. स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यात ती चढू लागली, तेव्हा कंडक्टरने तिला अडवले. तिचा वर्ण काळा होता. ही गोष्ट अमेरिकेतील टेनेसी राज्यातली आणि त्या स्त्रीचे आडनाव रॉबिन्सन. तिच्या देशाच्या घटनेत लिहिले होते की कोणत्याही घटकराज्याने कोणासही कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये. तिच्या देशाच्या संसदेने कायदा केला होता की आगगाडी, खानावळ, मुक्कामाची जागा, नाटकगृह येथे वर्णावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही. जो करील त्याने त्या माणसाला पाचशे डॉलर भरून द्यावेत. रॉबिन्सन पतिपत्नी कोर्टात गेले. आपणही त्यांना तोच सल्ला दिला असता.

१५ ऑक्टोबर १८८३ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. असेच आणखी चार खटले त्यात एकत्र केलेले होते. कान्सास व मिसुरीतील मुक्कामाच्या जागांचे दोन, सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथील नाटकगृहांचे दोन. अडवणाऱ्यांचे वागणे माणुसकीला धरून होते काय, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही. त्याने सांगितले की असा कायदा करण्याचा अधिकारच मुळी संसदेला नव्हता. कायद्याची ती कलमे रद्द. नऊ न्यायाधीशांपैकी आठ एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला.

हा निकाल जुना आहे आणि परक्या देशातला आहे. मग तो आपण का वाचावा? कारण त्यातला प्रश्न आपला आहे. हक्क घटनेत आहे, कायदा पुस्तकात आहे, न्यायालयाचे दार उघडे आहे, तरीही माणूस डब्याबाहेर उभा आहे. असे होते तेव्हा दोष कोणाचा? घटनेचा, कायद्याचा, न्यायालयाच्या रचनेचा, न्यायाधीशाचा, की ज्या समाजातून हे सारे येतात त्या समाजाचा? ज्यांनी आपली सारी भिस्त घटनेवर ठेवली आहे, त्यांना या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही.

दोन दिवसांच्या अंतराने दोन कायदे

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने तेथे जन्मलेल्या माणसाला नागरिकत्व आणि समान संरक्षण दिले. १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने मताधिकारात वर्णभेद करण्यास मनाई केली. अवघ्या पाच वर्षांत एवढे घडले. तत्पूर्वी, १८५७ साली, ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते रॉजर टॉनी.

सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करणारा कायदा व्हावा म्हणून सेनेटर चार्ल्स समनर वर्षानुवर्षे झगडत होते. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समनर यांनी वर्णभेदाला जातीचाच प्रश्न मानले होते. १८६९ साली त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा हिंदुस्थानातील जातिव्यवस्थेचे उदाहरण त्यांनी समोर ठेवले होते. समनर १८७४ साली वारले. त्यांचा कायदा १ मार्च १८७५ रोजी झाला.

आणि दोनच दिवसांनी, ३ मार्च १८७५ रोजी, त्याच संसदेने दुसरा एक कायदा केला. त्याची आठवण वकिलांखेरीज कोणाला नसते. हा कायदा न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राचा होता. अमेरिकेत न्यायालयांच्या दोन उतरंडी आहेत. घटकराज्यांची न्यायालये निराळी आणि संघराज्याची निराळी. खून, मारामारी, करारमदार, जमीनजुमला हे बहुतेक सारे राज्याच्या न्यायालयांत चालते. १८७५ पर्यंत संघीय न्यायालयांचा अधिकार तोकडा होता. या नव्या कायद्याने ठरवले की घटनेखाली किंवा संघीय कायद्याखाली उद्भवलेला, पाचशे डॉलरांहून मोठा कोणताही दिवाणी दावा संघीय न्यायालयात आणता येईल. आणि राज्याच्या न्यायालयात दाखल झालेला तसा दावा उचलून तेथे नेताही येईल.

म्हणजे एका आठवड्यात संसदेने दोन गोष्टी केल्या. एका कायद्याने माणसाला डब्यात बसण्याचा हक्क दिला, दुसऱ्याने संघीय न्यायालयाचा हात लांब केला. दोन्ही एकमेकांना पूरक होते. पण पहिला कायदा आठ वर्षांत मेला आणि दुसरा फोफावला. असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय १८८३ चा निकाल कळणार नाही.

न्यायालयाची घडण आणि कोलफॅक्सचे मृत

त्या काळी संघीय न्यायालयांची रचना अशी होती. तळाला जिल्हा न्यायालये. त्यांच्या जोडीला सर्किट न्यायालये. मोठे खटले तेथे सुरू होत. वर एकच सर्वोच्च न्यायालय, नऊ न्यायाधीशांचे. मधे स्वतंत्र असे अपील न्यायालय नव्हते. सारा देश नऊ सर्किटांत वाटलेला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच नेमलेल्या सर्किटात फिरून तेथील न्यायासनावर बसावे लागे. १८६९ च्या कायद्याने प्रत्येक सर्किटाला एक कायम न्यायाधीश दिला, तेव्हा हा प्रवास कमी झाला, पण संपला नाही. न्यायाधीशांची नेमणूक तहहयात. ज्यूरी मात्र स्थानिक, म्हणजे ज्या गावात अन्याय झाला त्याच मुलखातली.

या रचनेत न्याय कसा अडकत असे, त्याचे उदाहरण पाहा. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी निवडणुकीच्या वादावरून काळे नागरिक कोर्टकचेरीच्या इमारतीचे रक्षण करीत होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. शरण आलेल्यांनाही ठार मारले. मेलेल्यांचा आकडा नक्की कधीच ठरला नाही. साठपासून दीडशेपर्यंत अंदाज सांगितले जातात. सुमारे शंभर जणांवर आरोपपत्र ठेवले गेले. दोषी ठरले तिघे. तेही खुनासाठी नव्हे, कारण खून हा राज्याचा विषय. ते दोषी ठरले नागरिकांचे हक्क हिरावण्याच्या कटासाठी.

हा खटला न्यू ऑर्लिन्सच्या सर्किट न्यायालयात चालला. न्यायासनावर दोघे होते. सर्किटाचे न्यायाधीश विल्यम वुड्स आणि सर्वोच्च न्यायालयातून आलेले जोसेफ ब्रॅडली. ब्रॅडलींचे मत पडले की आरोपपत्रच टिकत नाही. वुड्स यांचे मत उलट. दोघांत मतभेद झाला, म्हणून प्रकरण वॉशिंग्टनला गेले. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १४ वी दुरुस्ती घटकराज्यांना बांधते, एका माणसाने दुसऱ्या माणसावर केलेल्या अत्याचाराला नव्हे. तिघेही सुटले. कोलफॅक्सच्या हत्याकांडासाठी शिक्षा भोगणारा कोणीही उरला नाही.

हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १८७३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकांनी एका कत्तलखान्याच्या मक्तेदारीविरुद्ध दावा लावला होता. दावेदार गोरे होते. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल देताना न्यायालयाने १४ व्या दुरुस्तीतील नागरिकांच्या विशेषाधिकारांचा अर्थ इतका आखडून घेतला, की ते कलम जवळजवळ रिकामे झाले. खाटीक हरले ते हरलेच. पण खरा तोटा झाला तो ज्यांच्यासाठी ती दुरुस्ती झाली होती त्यांचा.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. जोतीरावांची कृतज्ञता अगदी खरी होती, आणि ज्यांना ती वाहिली ते लोकही खरे होते. पण त्याच वर्षी त्या मुक्तीची मुळे कापण्यास तेथे सुरुवात झाली होती. गुलामगिरी मोडणे हे एक काम आणि गुलामाचा नागरिक करणे हे दुसरे काम. पहिले काम फौजेने केले. दुसरे न्यायालयांवर सोपवले गेले.

आठ आणि एक

१८८३ च्या निकालाचे लेखन याच ब्रॅडलींनी केले. वुड्स तोवर स्वतः सर्वोच्च न्यायालयात आलेले होते. न्यू ऑर्लिन्सला ब्रॅडलींपासून वेगळे मत देणारा हा माणूस आता त्यांच्याच आठांत होता. मने दोन्ही दिशांनी बदलतात, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

बहुमताच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १४ व्या दुरुस्तीचे शब्द 'कोणतेही राज्य' असे आहेत. खानावळवाला म्हणजे राज्य नव्हे. नाटकगृहाचा मालक म्हणजे राज्य नव्हे. शिवाय खासगी माणसाच्या प्रत्येक वागण्यावर संघसंसद कायदे करू लागली, तर घटकराज्यांना काय उरले? हे म्हणणे शब्दांना धरून आहे आणि संघराज्याची चिंताही खोटी नाही. पण ब्रॅडली एवढ्यावर थांबले नाहीत. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने केव्हातरी कायद्याचा लाडका होणे थांबवावे आणि साधा नागरिक व्हावे, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले. गुलामगिरी जाऊन तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती. वाचकहो, सवलती पुरे झाल्या, आता सगळ्यांसारखे राहा, हे वाक्य आपण कोठे कोठे ऐकले आहे ते आठवून पाहा.

विरोधात एकटे होते जॉन मार्शल हार्लन. त्यांची माहिती करून घेण्यासारखी आहे. जन्म १८३३ चा, केंटकी राज्यातला, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातला. ते स्वतःही गुलामांचे मालक होते. युद्धात संघराज्याच्या बाजूने लढले, तरी गुलामांच्या मुक्तीला त्यांचा विरोध होता. १३ व्या दुरुस्तीवरही त्यांनी टीका केली होती. मग आपल्या राज्यात मुक्त माणसांवर होणारे हल्ले त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत पालटले. निवडणुकीच्या सभांत लोकांनी त्यांना जुन्या भाषणांवरून छेडले, तेव्हा सुसंगत म्हणवून घेण्यापेक्षा बरोबर असणे मला पसंत आहे, असे त्यांनी उत्तर दिले. १८७७ साली ते सर्वोच्च न्यायालयावर आले.

त्यांच्या पत्नीने आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहिला आहे. सरन्यायाधीश टॉनी यांची जुनी दौत हार्लन यांच्या संग्रही होती. ज्या दौतीच्या शाईने ड्रेड स्कॉटचा निकाल लिहिला गेला ती ही. १८८३ चे विरोधी निकालपत्र लिहिताना हार्लन यांची लेखणी अडली. काही केल्या मजकूर पुढे जाईना. एका रविवारी ते चर्चला गेले असता पत्नीने ती दौत घासूनपुसून, शाई भरून त्यांच्या मेजावर ठेवली. परत आल्यावर त्यांनी ती पाहिली आणि लेखन पुरे केले. ज्या दौतीतून काळ्या माणसाचे नागरिकत्व पुसले गेले, तिच्यातूनच त्याच्या बाजूचे शब्द आले.

हार्लन यांचा युक्तिवाद केवळ भावनेचा नव्हता. त्यांनी विचारले, आगगाडी ही खासगी गोष्ट आहे काय? राज्य तिला सनद देते, तिच्यासाठी जमिनी संपादन करते. मग ती सार्वजनिक काम करते. मुक्कामाची जागा आणि नाटकगृह सार्वजनिक परवान्यावर चालतात. आणि १३ व्या दुरुस्तीने केवळ साखळ्या तोडल्या काय? गुलामगिरीच्या खुणाही तिने मिटवल्या पाहिजेत.

त्यांचा सर्वांत तिखट मुद्दा निराळाच होता. पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कायदा संसदेने १७९३ साली केला होता. तोही खासगी माणसांवर चालत असे, आणि तसा कायदा करण्याचा अधिकार घटनेने स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता. तरी १८४२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मालकाच्या हक्कासाठी संसदेचा अधिकार ओळींच्या मधून वाचता येतो; मग मुक्त झालेल्या माणसाच्या हक्कासाठी तो का वाचता येऊ नये?

येथे आपल्याला एक कसोटी सापडते. एखादा न्यायाधीश शब्दाला चिकटला म्हणून तो अन्यायी ठरत नाही. तो सर्वांच्या बाबतीत सारखाच चिकटतो काय, हे पाहावे.

लांब झालेला हात कोणाच्या कामी आला

ही कसोटी त्या काळाला लावून पाहू.

काही निकाल चांगलेही झाले, हे नमूद केले पाहिजे. १८८० साली वेस्ट व्हर्जिनियाचा, ज्यूरीत फक्त गोरे पुरुष घेण्याचा कायदा न्यायालयाने अवैध ठरवला. पण कायद्यात तसे न लिहिता काळ्यांना प्रत्यक्षात वगळले, तर इलाज जवळजवळ नव्हता. १० मे १८८६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोब्यांना न्याय मिळाला. लाकडी इमारतीतील धोबीखान्याला परवानगी हवी असा तेथे नियम होता. दोनशे चिन्यांना ती नाकारली गेली आणि ऐंशीच्या आसपास इतरांना मिळाली. न्यायालयाने सांगितले की नियम वरकरणी समान असला तरी तो भेदभावाने राबवला तर समान संरक्षणाचा भंग होतो. फार मोलाचे तत्त्व होते ते. काळ्या माणसाच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे कोणाला आठवले नाही. १८९८ साली मिसिसिपीच्या साक्षरतेच्या अटी आणि मतदानाचा कर न्यायालयापुढे आले. काळ्या मतदारांना गाळण्यासाठीच ते होते. न्यायालयाने ते एकमताने चालू दिले.

त्याच १० मे १८८६ रोजी दुसरा एक निकाल लागला. कॅलिफोर्नियातील एका परगण्याने सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीवर कर बसवला होता. त्या खटल्याच्या सुरुवातीला सरन्यायाधीशांनी तोंडी सांगितले, की कंपनीलाही १४ व्या दुरुस्तीचे संरक्षण आहे यावर युक्तिवाद ऐकण्याची गरज नाही. निकालपत्रात यावर चर्चा नाही. अहवाल छापणाऱ्याने ते वाक्य वर टिपले आणि ते रूढ झाले. गुलामांच्या मुलांसाठी केलेली दुरुस्ती आगगाडीच्या कंपनीला एका वाक्यात मिळाली. आगगाडीत बसू पाहणाऱ्या स्त्रीला ती तीन वर्षांपूर्वी नाकारली गेली होती.

३ मार्च १८७५ च्या त्या दुसऱ्या कायद्याचे काय झाले? १८८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संघीय सनद असलेल्या रेल्वे कंपन्यांना आपल्यावरचे दावे राज्याच्या न्यायालयातून संघीय न्यायालयात नेता येतील. अपघातात हात गमावलेल्या मजुराने आपल्या गावच्या कोर्टात दावा लावावा आणि कंपनीने तो दूरच्या शहरात ओढून न्यावा, असे होऊ लागले. खटले इतके वाढले की १८९० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे अठराशेच्या आसपास प्रकरणे तुंबली. १८८७ साली संसदेने दाव्याची किमान रक्कम दोन हजार डॉलर केली. आणि ३ मार्च १८९१ च्या कायद्याने नऊ सर्किट अपील न्यायालये निर्माण केली. बरीच अपिले तेथे संपू लागली, न्यायाधीशांची भटकंती व्यवहारात थांबली, आणि काही प्रकारची प्रकरणे ऐकावी की नाही हे सर्वोच्च न्यायालय स्वतः ठरवू लागले. अमेरिकेच्या आजच्या संघीय न्यायरचनेचा पाया तेव्हा पडला.

रचना सुधारली यात शंका नाही. हात लांब झाला आणि बळकटही झाला. १८९४ साली पुलमन कंपनीच्या मजुरांच्या संपात संघीय न्यायालयाने मनाईहुकूम काढला, तो मोडल्याबद्दल पुढारी यूजीन डेब्स तुरुंगात गेले आणि १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्या प्रकरणात संघसत्तेचा अधिकार थिटा पडला नाही. त्याच वर्षी साखरेचे जवळजवळ सारे कारखाने हाती घेतलेल्या मक्तेदारीपुढे मात्र तो थिटा पडला, आणि श्रीमंतांवरचा प्राप्तिकरही घटनाबाह्य ठरला.

म्हणून न्यायालयाची रचना सुधारली की न्याय सुधारेल, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. न्यायालये हवीत, जवळ हवीत, वेगाने चालणारी हवीत, हे खरेच. पण लांब हात कोणाला वर उचलतो आणि कोणाला दूर सारतो, हे हात ठरवीत नाही.

दाईला मुभा होती

१८९० साली लुइझियानाने कायदा केला की गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे असावेत. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी समिती स्थापून त्याला आव्हान द्यायचे ठरवले. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा तरुण गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या रक्तात आठवा हिस्सा काळ्यांचा, दिसायला गोराच. त्याने स्वतःची जात सांगितली आणि तो पकडला गेला. खटला गावच्या न्यायाधीश फर्ग्युसन यांच्यापुढून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आणि तेथून वॉशिंग्टनला गेला. १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक मतांनी प्लेसी हरला. वेगळे पण समान, या तत्त्वावर घटनेचा शिक्का बसला.

या वेळी तर राज्याने केलेला कायदाच समोर होता. १८८३ सालची 'हे राज्य नव्हे' ही सबब येथे लागू नव्हती. मग बहुमताचे न्यायमूर्ती ब्राउन काय म्हणाले? वेगळे बसवण्यात हीनपणा नाही; काळ्या लोकांनाच तसे वाटत असेल तर तो अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावलेला आहे. आणि कायद्याने सामाजिक ग्रह पुसता येत नाहीत.

आता त्या कायद्यातील एक छोटी सवलत पाहा. दुसऱ्या वर्णाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाईला हा कायदा लागू नव्हता. म्हणजे काळी स्त्री गोऱ्याचे मूल मांडीवर घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. तीच स्त्री आपले स्वतःचे मूल घेऊन आली, तर मात्र तिने उठायचे! मग आक्षेप तिच्या असण्याला नव्हता. ती नोकर म्हणून आली तर चालत होती. प्रवासी म्हणून आली तर चालत नव्हती. ज्यांच्या आईबापांनी दुसऱ्यांच्या वाड्यांची अंगणे झाडली आणि उंबऱ्याबाहेर पाणी प्यायले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. हार्लन यांनी या सवलतीकडे बोट दाखवले. या देशात वरिष्ठ वर्ग नाही, येथे जात नाही, असे त्यांनी लिहिले, आणि त्यासाठी 'कास्ट' हाच शब्द वापरला. या वेळीही ते एकटेच होते.

कायदा आधी की मन आधी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा प्लेसीचा निकाल त्या देशाचा जिवंत कायदा होता. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या सोहळ्यात केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या नैतिक सद्सद्विवेकाने होते; आणि त्यासाठी अमेरिकेतील काळ्यांचे, जर्मनीतील यहुद्यांचे आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांचे उदाहरण दिले.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. न्यायमूर्ती ब्राउनही म्हणाले होते की कायद्याने मने बदलत नाहीत. मग बाबासाहेब आणि ब्राउन एकच गोष्ट सांगत होते काय? मुळीच नाही. ब्राउन यांनी ते वाक्य कायदा काढून घेण्यासाठी वापरले. बाबासाहेबांनी ते कायदा पुरेसा नाही, आणखी काही हवे, हे सांगण्यासाठी वापरले. भाषणानंतर चारच वर्षांनी, १९४७ साली, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन त्यांनी घटना समितीसाठी तयार केले. त्यात मूलभूत हक्कांची कलमे घालताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांचा आधार नमूद केला. अमेरिकेच्या न्यायालयाने चौसष्ट वर्षांपूर्वी मारून टाकलेला कायदा त्यांनी उचलून घेतला.

आपल्या घटनेचे १५ वे कलम उघडून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणाने कोणत्याही नागरिकावर अटकाव असणार नाही. १७ वे कलम अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई करते. ही कलमे सरकारपुरती नाहीत. खानावळवाला आणि नाटकगृहाचा मालक यांनाही ती बांधतात. ब्रॅडलींनी जी फट दाखवून रॉबिन्सनबाईला बाहेर ठेवले, ती फट येथे शब्दांनी बुजवलेली आहे. अमेरिकेत प्लेसीच्या तत्त्वाचा पाया १९५४ च्या शाळांच्या निकालाने उखडला. सार्वजनिक जागांसाठी १९६४ साली पुन्हा कायदा करावा लागला, तोही मुख्यतः व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेऊन, कारण १८८३ चा निकाल आडवा होता. तो आजही रद्द झालेला नाही. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुन्हा आधार घेतला. प्लेसीला लुइझियानाच्या गव्हर्नरने २०२२ साली माफी दिली. शिक्षेनंतर सव्वाशे वर्षांनी!

म्हणून मी म्हणतो, कायदा झाला म्हणजे काम झाले असे समजणे ही एक चूक, आणि मने बदलल्याशिवाय कायदा व्यर्थ असे समजणे ही दुसरी. पहिल्या चुकीने आपण झोपतो. दुसऱ्या चुकीने न्यायासनावर बसलेल्याला सबब मिळते. लोकांची मने बदलणे हे न्यायाधीशाचे काम नव्हते. डब्याचे दार उघडणे एवढेच त्याचे काम होते. शब्द तेच होते, खटला तोच होता, आणि हार्लन यांना ते दार दिसले. म्हणजे इतरांनाही ते दिसू शकले असते.

पण हार्लन यांची मूर्ती करून पूजा करू नका. प्लेसीच्या त्याच निकालपत्रात त्यांनी चिनी लोकांविषयी हीन उद्गार काढले. १८९९ साली जॉर्जियातील एका परगण्याने काळ्या मुलांचे हायस्कूल बंद केले आणि गोऱ्यांचे चालू ठेवले, तेव्हा ते चालू देणारा निकाल लिहिणारे हार्लनच होते. त्यांचे मन पालटले ते खरे, पण आठ आणेच पालटले.

यातून आपल्यासाठी काय उरते? त्या दिवशी टेनेसीच्या फलाटावर घटना उभी नव्हती की सर्वोच्च न्यायालय उभे नव्हते. तेथे कंडक्टर उभा होता. १८७५ चा कायदा तेव्हा जिवंत होता. कंडक्टरने एक पाऊल बाजूला घेतले असते, तर खटला झालाच नसता. न्यायालयाने म्हटले की या माणसाच्या वागण्याशी घटनेचा संबंध नाही. कायद्याच्या दृष्टीने ते चूक होते असे मी मानतो. पण धम्माच्या दृष्टीने पाहिले, तर संबंध त्याच माणसाशी आहे, कारण माणसाने माणसाशी कसे वागावे हाच धम्माचा विषय आहे.

आणि वाचकहो, आपण सारे कोठे ना कोठे त्या कंडक्टरच्या जागी असतो. कचेरीत अर्ज घेताना, खोली भाड्याने देताना, वर्गात मुलांना बसवताना, मुलामुलींची सोयरीक जुळवताना. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पोटजात विचारली जाते, तेव्हा तेथे अमेरिकेचा कोणता न्यायाधीश बसलेला असतो? आपलेही मन आठ आणेच पालटले असेल तर उरलेले आठ आणे कोण पालटणार? १५ व्या कलमाची राखण न्यायालयाने करावी, ती त्याने सारखेपणाने करावी, आणि ती केली नाही तर आपण जाब विचारावा. पण जाब विचारायला उभे राहण्यापूर्वी, आपण स्वतः कोणाला दाराशी अडवून ठेवले आहे काय, एवढे एकदा पाहून घ्यावे.